फोटोखालचे नाव : मराठी मुलखातल्या पहिल्या छायाचित्रकारांविषयी

फोटो बघण्याआधी त्याच्याखाली काय लिहिले आहे ते वाचावे, असे या पुस्तकाच्या वाचकाला मी सुरुवातीलाच सांगेन. मुंबईशी नाते असलेले दोन जुने ग्रंथ शेजारी ठेवले की यामागचे कारण कळते. पहिला विल्यम जॉन्सनचा 'द ओरिएंटल रेसेस अँड ट्राइब्स, रेसिडेंट्स अँड व्हिजिटर्स ऑफ बॉम्बे'. त्याचे दोन खंड १८६३ आणि १८६६ साली निघाले. दुसरा सोराबजी जहांगीर यांचा १८८९ सालचा 'रिप्रेझेंटेटिव्ह मेन ऑफ इंडिया'. सोराबजींच्या ग्रंथात प्रत्येक फोटोखाली माणसाचे नाव आहे आणि सोबत त्याचे चरित्र आहे. जॉन्सनच्या ग्रंथात फोटोखाली आहे ती जात, जमात, धंदा. समोर उभी असलेली बाई कोण, तिला कोणत्या नावाने हाक मारत, याची कोणीही नोंद घेतली नाही. कॅमेऱ्यापुढे दोघेही आले. तरी एकाचे नाव राहिले आणि दुसऱ्याचे गेले.

या पुस्तकाचा सारा खटाटोप या एका फरकाभोवती आहे. फोटोग्राफीचा इतिहास सांगताना आपण कॅमेऱ्यांचे नमुने, राजेरजवाडे आणि दरबार यांत रमतो. मला त्या काळातले मराठी आणि मुंबईकर छायाचित्रकार महत्त्वाचे वाटतात, कारण त्यांच्यातले बरेच जण दोन्हीकडे वावरत होते. सकाळी शेटजींचा फोटो, दुपारी गारुड्याचा. कोणाला नाव द्यायचे आणि कोणाला नाही, हे त्यांच्याच हातून ठरत होते, आणि बऱ्याचदा त्यांच्याही नकळत ठरत होते.

१८३९ साली पॅरिसमध्ये फोटो काढण्याचे डॅगेरोटाइप हे तंत्र जाहीर झाले आणि त्याच वर्षअखेरीस मुंबईच्या वर्तमानपत्रात त्याची बातमी आली. पण विद्येने इथे मूळ धरायला आणखी पंधरा वर्षे गेली. १८५४ साली 'फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे' स्थापन झाली. हिंदुस्थानातली ही पहिली अशी संस्था. कलकत्ता आणि मद्रास त्यानंतर, १८५६ साली. सभासद मुख्यतः लष्करी अधिकारी, मुलकी नोकर आणि डॉक्टर होते, पण एतद्देशीयांना तिचे दार बंद नव्हते. १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. सरकारला लेणी, देवळे, शिलालेख यांच्या अचूक प्रतिमा हव्या होत्या आणि हाताने चित्रे काढवून घेण्यापेक्षा हे काम स्वस्त आणि भरवशाचे पडेल असा हिशेब होता. त्याच वर्षी कॅप्टन थॉमस बिग्ज यांची सरकारी छायाचित्रकार म्हणून नेमणूक झाली आणि ते विजापूर, बदामी, ऐहोळेकडे गेले. पुढे हे काम डॉ. विल्यम पिगू यांच्याकडे आले. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकलांसाठी आयुष्य वेचणारे रॉबर्ट गिल यांनीही नंतर कॅमेरा हाती घेतला. वास्तूंच्या छायाचित्रणाची ही शाखा मोठी आहे आणि तिच्यावर स्वतंत्र पुस्तके आहेत. इथे तिचा उल्लेख केला, कारण मराठी माणसांना कॅमेरा शिकवण्यामागे सरकारचा हेतू दगडांचे फोटो मिळवण्याचा होता. शिकणाऱ्यांनी मात्र कॅमेरा माणसांकडे वळवला.

त्या शिकणाऱ्यांच्या पिढीतले डॉ. नारायण दाजी यांच्याविषयी मराठीत फार कमी लिहिले गेले आहे. थोरले बंधू डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या कीर्तीत ते झाकले गेले. कुटुंब गोव्यातल्या मांद्र्याचे. दोघे भाऊ ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकले आणि दोघांनाही फोटोग्राफीची ओढ होती, पण कॅमेऱ्यामागे अधिक काळ घालवला तो नारायणरावांनी. १८५०च्या दशकाच्या उत्तरार्धात ते सोसायटीच्या कार्यकारी मंडळावर होते. डॉक्टर आणि छायाचित्रकार ही जोडी त्या काळात सर्वत्र दिसते : आग्र्याला जॉन मरी, ब्रह्मदेशाच्या लढाईत जॉन मॅकॉश, आपल्याकडे पिगू. याचे कारण मला रसायनांत सापडते. काचेवर चढवायचे कलोडियन डॉक्टरांच्या परिचयाचे होते, कारण १८४०च्या दशकाच्या अखेरीपासून ते जखमेवर पातळ पापुद्र्यासारखे लावले जाई. सिल्व्हर नायट्रेट दवाखान्यात चामखीळ जाळायला वापरत. ज्याला या पदार्थांचे वजन-माप, वास आणि धोके आधीपासून माहीत, त्याच्यासाठी फोटोग्राफीची निम्मी वाट सोपी झालेली असे.

कलोडियन वापरणारी ओल्या काचेची पद्धत समजून घेतली नाही तर त्या काळातले फोटो नीट वाचता येत नाहीत. फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी ती १८५१ साली प्रसिद्ध केली. काच स्वच्छ धुवायची, तिच्यावर कलोडियन सारखे पसरायचे, अंधारात चांदीच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा आणि सुकण्याआधी पुन्हा अंधारात नेऊन धुवायची. सगळे मिळून दहा-पंधरा मिनिटांचा खेळ, आणि मुंबईच्या उन्हाळ्यात त्याहूनही कमी. मग अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या कागदावर उन्हात छापा काढायचा. रस्त्यावर फोटो घ्यायचा तर काळोखाचा तंबू, बाटल्या, तबके, पाणी आणि हे वाहणारी माणसे सोबत हवीत. चालता माणूस टिपणे अशक्यच, कारण प्रकाश आत घ्यायला काही सेकंद लागत.

म्हणून रस्त्यावरचा माणूस रस्त्यावर टिपला जात नव्हता. त्याला उचलून आणले जात होते. गारुडी, भिक्षेकरी, साजिंदे, नाचणाऱ्या स्त्रिया, कारागीर यांना अंगणात किंवा स्टुडिओत बसवून फोटो घेतले गेले. जॉन्सनने पुढची पायरी गाठली. आत घेतलेल्या आकृती कापून त्याने त्यांच्यामागे दुसरीकडे टिपलेली दृश्ये जोडली, म्हणजे माणसे बाहेरच उभी आहेत असे वाटावे. त्याने आणि विल्यम हेंडरसनने १८५६ ते १८५८ या काळात 'इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम' हे मासिक चालवले. त्यातही पश्चिम हिंदुस्थानातल्या पोशाखांचे आणि 'नमुन्यांचे' फोटो असत. १८५७च्या उठावानंतर सरकारची ही भूक वाढली आणि १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' हा आठ खंडांचा प्रचंड प्रकल्प पूर्ण झाला. राज्य करायचे तर प्रजा ओळखता आली पाहिजे, आणि ओळखायची म्हणजे तिची वर्गवारी करायची, ही त्यामागची समजूत.

नारायणरावांची छायाचित्रे याच प्रवाहातली आहेत, हे मान्य केले पाहिजे. त्यांच्या चौकटीतल्या माणसांचीही नावे आपल्यापर्यंत आलेली नाहीत. तरीही त्यांच्याकडे मी पुन्हा पुन्हा वळतो, कारण छायाचित्रकार आणि समोरची माणसे इथे एकाच शहरातली आहेत. साजिंद्यांचे बसणे, हातातले वाद्य धरण्याची रीत, अंगावरचे कापड हे सारे ज्याने घरात आणि गल्लीत पाहिले आहे, अशा माणसाने टिपलेले आहे. यावरून फार मोठा निष्कर्ष काढणे मला धाडसाचे वाटते, पण जॉन्सनच्या जोडकामापुढे हे फोटो ठेवले तर फरक डोळ्यांना जाणवतो.

व्यवसाय म्हणून स्टुडिओ थाटणाऱ्या पहिल्या हिंदी माणसांत हरिश्चंद्र चिंतामण यांचे नाव येते. एल्फिन्स्टनच्या १८५५च्या वर्गातून ते बाहेर पडले आणि मुंबईत पोर्ट्रेटचा धंदा उभारला. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांचे काम गेले. त्यांचे पुढचे आयुष्य कादंबरीला पुरेल असे आहे. १८७४ साली लंडनमध्ये त्यांचे भगवद्गीतेवरचे इंग्रजी विवरण प्रसिद्ध झाले. मुंबईच्या आर्य समाजाचे ते अध्यक्ष झाले. १८७९ साली थिऑसॉफिकल सोसायटीचे संस्थापक मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट मुंबईत उतरले तेव्हा त्यांचे स्वागत हरिश्चंद्रांनीच केले आणि थोड्याच दिवसांत पैशांच्या हिशेबावरून दोघांशी त्यांचे फाटले. थिऑसॉफीच्या इतिहासात त्यांना खलनायकाची जागा मिळाली, छायाचित्रणाच्या इतिहासात एखाद्या ओळीची. एकाच माणसाची ही दोन टोके अजून कोणी नीट जोडलेली नाहीत आणि या पुस्तकात तो प्रयत्न आहे.

हरिश्चंद्रांसारख्यांचा स्टुडिओ चालला तो लहान फोटोंमुळे. फ्रान्समध्ये दिस्देरी यांनी १८५४ साली एका काचेवर अनेक छोटे फोटो घेण्याची युक्ती आपल्या नावावर नोंदवली. भेटपत्राच्या आकाराचे हे फोटो जाड पुठ्ठ्यावर चिकटवले जात आणि पुठ्ठ्याच्या मागे स्टुडिओचे नाव छापलेले असे. किंमत उतरली आणि वकील, मास्तर, कारकून, दुकानदार यांच्या आवाक्यात आपला चेहरा आला. काचेच्या छपराखाली खुर्ची, मागे रंगवलेला पडदा, शेजारच्या टेबलावर पुस्तक, मान हलू नये म्हणून पाठीमागून लोखंडी आधार. जुन्या फोटोंतली ताठ मान आणि रोखलेली नजर पाहून आपण त्या माणसांना करारी ठरवतो. त्यात त्या लोखंडी आधाराचाही वाटा आहे. पण पगडी कोणती घालायची, हातात काय धरायचे, शेजारी कोणाला बसवायचे हे बसणारा ठरवत होता. पैसे त्याचे होते, म्हणून फोटोवर हुकमत त्याची होती आणि नावही त्याचे राहिले.

हे स्वातंत्र्य स्त्रियांना फार उशिरा आणि फार थोड्यांना मिळाले. म्हणूनच १८८५ साली फिलाडेल्फियात घेतलेला डॉ. आनंदीबाई जोशी यांचा फोटो मला इतका मोलाचा वाटतो. वैद्यकीय महाविद्यालयातल्या तीन परदेशी विद्यार्थिनी, आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली, आपापल्या देशाच्या पोशाखात बसल्या आहेत. जॉन्सनच्या ग्रंथातल्या नागर ब्राह्मण स्त्रियाही आपापल्या पोशाखातच होत्या. पण फिलाडेल्फियातल्या फोटोखाली तिघींची नावे आहेत. दोन वर्षांच्या आत आनंदीबाई पुण्यात वारल्या, आणि आज त्यांचा चेहरा आपल्याला माहीत आहे तो अशा मोजक्या फोटोंमुळे.

१८७०च्या दशकाअखेर तयार कोरड्या काचा बाजारात आल्या आणि काम पालटले. अंधाराचा तंबू गेला, प्रकाश घेण्याचा वेळ सेकंदाच्या अंशावर आला. लाला दीनदयाळ यांनी हैदराबाद-इंदूरपाठोपाठ १८९६ साली मुंबईत स्टुडिओ उघडला आणि दरबारांबरोबर दुष्काळाचेही फोटो घेतले. शापूर भेदवारांनी लंडनला शिकून फोटोला चित्रकलेच्या पंक्तीत बसवण्याचा प्रयत्न केला आणि तिकडच्या 'लिंक्ड रिंग' या निवडक मंडळात जागा मिळवली. त्यांचे फोटो सुंदर आहेत, पण माझ्या विषयाच्या वाटेवर येत नाहीत. प्लेग आला तेव्हा कॅप्टन मॉस यांच्यासारख्यांनी मुंबईतली रुग्णालये आणि तपासण्या टिपल्या. तिथे पुन्हा नाव नसलेली माणसे आली, या वेळी आजारी आणि भेदरलेली.

माझ्या मते स्टुडिओ आणि रस्ता यांच्यातली भिंत आपल्याकडे खऱ्या अर्थाने ओलांडली ती हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी. मुंबईकर त्यांना सावेदादा म्हणत. १८६८ सालचा जन्म, पेशाने फोटोग्राफर. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चलत्चित्रांचा खेळ झाला. तो पाहिल्यावर त्यांनी इंग्लंडहून रायली कंपनीचा चलत्चित्राचा कॅमेरा मागवला. १८९९ साली हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी यांची कुस्ती त्यांनी टिपली आणि फीत धुण्यासाठी लंडनला पाठवली. माकडाचे खेळ करणारा आणि त्याची माकडे हाही त्यांचा विषय झाला. डिसेंबर १९०१ मध्ये केंब्रिजचे सीनियर रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे परतले तेव्हा मुंबईत झालेले स्वागत त्यांनी टिपले, आणि १९०३चा दिल्ली दरबारही.

या यादीवर थोडे थांबावे. परांजपे कीर्तीच्या शिखरावर होते, पुढे ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. त्यांचे नाव राहणारच होते. पण पैलवानांची नावे राहिली, हे मला विलक्षण वाटते. एका पिढीपूर्वी हेच दोघे 'हिंदू पैलवान' या शीर्षकाखाली पुठ्ठ्यावर चिकटले असते. कुस्तीच्या फडात माणसाला नाव असते, त्याच्या नावाने लोक ओरडतात. सावेदादा त्याच लोकांमधले होते, म्हणून फितीबरोबर नावही आले. माकडवाल्याचे नाव मात्र तेव्हाही कोणाला सुचले नाही. आता त्या फितीही उरलेल्या नाहीत आणि नोंदी तेवढ्या आहेत. फोटो जाऊन नाव उरल्याचे हे दुर्मीळ उदाहरण आहे.

याच पिढीतले धुंडिराज गोविंद फाळके भारतीय सिनेमाचे जनक म्हणून सर्वांना ठाऊक आहेत. पण ते बडोद्याच्या कलाभवनात फोटोग्राफी आणि छपाईतंत्र शिकले होते, त्यांनी गोध्र्यात फोटोचा धंदा केला होता, आणि प्लेगाने घर उद्ध्वस्त झाल्यावर तो सोडला होता. पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला रवि वर्मांच्या छापखान्यात ते फोटोवरून शिळाछाप करण्याचे काम करत. मळवली मावळात. तिथून डोंगररांग ओलांडली की मुळशी.

मुळशीकडे वळण्याचे कारण आहे. या पुस्तकाची कल्पना मुंबईच्या संग्रहालयात आली नाही, ती पौड, माले, ताम्हिणी या बाजूच्या घरांतल्या भिंतींवरचे जुने फोटो पाहताना आली. मुळा आणि नीला यांच्या संगमावर टाटांच्या वीजकंपनीने धरण बांधायला घेतले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट या लढ्यातून 'सेनापती' झाले. १९२४ पर्यंत लढा चालला आणि पन्नासच्या आसपास गावे धरणाखाली गेली. सेनापतींचा चेहरा महाराष्ट्र ओळखतो. त्यांच्याबरोबर तुरुंगात गेलेल्या शेतकऱ्यांचे आणि बायकांचे चेहरे कोण ओळखतो? इथल्या घरांत जो सर्वांत जुना फोटो सापडतो तो बहुधा मुंबईला गिरणीत किंवा गोदीत गेलेल्या कोणा पुरुषाचा असतो, स्टुडिओतल्या पडद्यापुढे, नवा कोट घालून काढलेला. गावाचा, वाड्याचा, शेताचा फोटो क्वचितच. म्हणजे मुळशीचा माणूस कॅमेऱ्यापुढे आला तो मुळशी सोडून गेल्यावर. आणि ज्या मुंबईत त्याने फोटो काढला, तिथले स्टुडिओ पुढे सूर्यप्रकाश सोडून दिव्यांवर चालू लागले. त्या शहराला वीज पुरवणाऱ्या टाटांच्या तीन प्रकल्पांत १९२७ साली भिरा इथे सुरू झालेला मुळशीचा प्रकल्पही आहे.

आज या विषयाकडे वळण्याची घाई आहे. गावोगावचे जुने स्टुडिओ बंद होत आहेत आणि काचेच्या, नंतर फिल्मच्या निगेटिव्ह भंगारात जात आहेत. दुसरीकडे मोबाइलवर जुने फोटो वाटेल त्या नावाने फिरतात. झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचा अस्सल ठरलेला एकही फोटो नाही, तरी भलत्याच स्त्रीचा फोटो त्यांच्या नावाने घरोघर पोहोचला आहे. एकेकाळी नाव न देऊन केलेला अन्याय आता चुकीचे नाव देऊन होतो, आणि त्यात दोन स्त्रिया हरवतात : एक जिच्यावर नाव लादले ती, आणि एक जिचा खरा चेहरा आपल्याला कधीच दिसणार नाही ती.

या पुस्तकाने काय केले आहे, तेही सांगतो. पोर्ट्रेट आणि रस्ता हे दोन वेगळे विभाग केलेले नाहीत. एका छायाचित्रकाराचे दोन्ही प्रकारचे काम शेजारी ठेवले आहे. प्रत्येक फोटोबद्दल तंत्र, साल, आकार यांच्या आधी एकच प्रश्न विचारला आहे : याचे पैसे कोणी दिले? बसणाऱ्याने, सरकारने, की पुस्तक विकत घेणाऱ्याने? या प्रश्नाच्या उत्तरातून माणसाचे बसणे, नजर आणि खालची ओळ या तिन्ही गोष्टी उलगडतात, असा अनुभव आहे. मूळ शीर्षके जशीच्या तशी दिली आहेत, त्यात कितीही अपमान असला तरी, कारण ती पुसली तर अन्याय कसा झाला हेही पुसले जाईल. त्याखाली फोटोत प्रत्यक्ष काय दिसते ते साध्या मराठीत लिहिले आहे : वाद्य कोणते, लुगडे कसे नेसले आहे, हातात कोणते हत्यार. जिथे नाव ठाऊक नाही तिथे जागा मोकळी ठेवली आहे. छायाचित्रकारांची चरित्रे लिहिताना त्यांना थोर ठरवण्याचा मोह टाळला आहे. हरिश्चंद्र चिंतामण यांच्यावरचे आरोप आणि नारायण दाजींचा 'नमुन्यां'च्या छायाचित्रणातला सहभाग, दोन्ही तसेच मांडले आहेत.

मुळशी आणि मावळातल्या वाचकांना एक विनंती. घरातली जुनी फ्रेम फुटली तर फोटो पुठ्ठ्यापासून ओढून काढू नका. पुठ्ठ्याच्या मागे स्टुडिओचे नाव आणि गाव असते, कधी नंबरही असतो, आणि तो फोटो कुठे व साधारण कधी काढला हे त्यावरून कळू शकते. फोटोतल्या माणसाला ओळखणारे कोणी घरात असेल तर त्यांना आत्ताच विचारा आणि नाव पुठ्ठ्याच्या मागे पेन्सिलीने लिहा. शाईने लिहू नका, ती पुढे झिरपते.